जिनाच्या फाटकावरचा कागद

अकोल्यात महादेवराव मालकांच्या कापसातून सरकी काढायच्या जिनात वामनराव टाइमकीपर होते, पण गावात त्यांची ओळख निराळी. मजुरीचा कायदा म्हटला की वामनराव. कोणतं काम किती तासांचं, कोणाला किती दर, सगळं तोंडपाठ. दरांचा कागद जिनाच्या फाटकावर लावावाच लागे. तो कागद वामनराव बोरूनं झोकदार अक्षरात लिहीत आणि खाली ‘लिहिणार वामनराव’ अशी सही ठोकत. शेजारच्या जिनांचे मालकही टोपी सावरत येत. “वामनराव, यंदा काय निघालं?” मग वामनराव आधी चहा मागवत, आणि चहा संपेपर्यंत तोंड उघडत नसत. त्या चहापुरतं मालकांना ताटकळत ठेवण्यात त्यांना सगळं आयुष्य भरून पावल्यासारखं वाटे.

पुढे वऱ्हाड नागपूरकडून मुंबईकडे गेलं, साठ साली महाराष्ट्र झाला. कायदे बदलू लागले. आज एक कागद, सहा महिन्यांनी दुसराच. वामनरावांची पुस्तकं मात्र नागपूरचीच राहिली.

अशात मालकांनी मोतीरामला कारकून म्हणून घेतलं. पंचविशीचा, मॅट्रिक झालेला. त्याचा बाप याच जिनात गाठी वाहत आला होता. छप्पन साली घर बौद्ध झालं, आणि पोरानं शिक्षण काही सोडलं नाही. मोतीराम महिन्यातून एकदा अमरावतीला जाई आणि कामगार कचेरीतून नवे दर उतरवून आणी. हंगाम सुरू झाला तसे शेजारचे मालक थेट त्याच्या टेबलापाशी जाऊ लागले. आणि हा चहाबिहा न मागवता दोन मिनिटांत सांगून मोकळा! वामनरावांचा नुसता जळफळाट. त्याच्या इस्त्रीच्या सदऱ्याचा राग, त्याच्या ‘जी’ म्हणण्याचाही राग. ज्याच्या बापाला आपण खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभं ठेवलं, तो आत बसून कायदा सांगतो, हे त्यांना सहन होत नव्हतं. खोटं कशाला बोला?

एका शनिवारी वामनराव लग्नाला म्हणून लवकर निघाले. त्या संध्याकाळी मोतीरामनं वाढीव दर स्वतः लिहून फाटकावर लावले आणि रेच्यांवर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रांवर, राबणाऱ्या बायांना वाचून दाखवले. सोमवारी फाटक उघडायला वामनराव सगळ्यांच्या आधी आले, तर कागद समोरच. एकदा वाचला, दोनदा वाचला, चूक शोधली. चूक नव्हती. असती तर त्यांनी तो आनंदानं तसाच राहू दिला असता. त्यांनी कागद उपटला आणि कोटाच्या खिशात कोंबला.

बाया आल्या आणि फाटकावर कागद नाही असं पाहून बाहेरच बसल्या. त्यांच्यातली मनकर्णा सगळ्यांत जुनी.

“कागद कोठी गेला? वाढ काढून घेतली का आमची? कागद नाही तं आमी आत येत नाही.”

रेचे बंद. मालक धावत आले. “मोतीराम, काहून नाही कागद?”

“शनिवारी लावला व्हता, मालक.”

“वामनराव, तुमी पाह्यला?”

“म्या तं डोयानं पाह्यला नाही,” वामनराव म्हणाले.

मोतीराम वामनरावांकडे वळला. “वामनरावजी, तुमी लिहा, मी सांगतो. तुमच्या अक्षराचा कागद असला म्हंजे बाया मानतेत.”

नाही म्हणायची सोय नव्हती. वामनराव बोरू घेऊन बसले आणि मोतीराम मागं उभा राहून सांगू लागला. रेच्यावरच्या बायांचा दर झाला. सरकी उचलणाऱ्यांचा झाला. वामनरावांचा हात अक्षराच्या नादात वाहत चालला होता. पुढची ओळ, ‘गाठी वाहणारे’, नव्या दरासकट कागदावर उतरली, तेव्हा मोतीरामनं ती अजून सांगितली नव्हती.

मोतीराम गप्प झाला. वामनरावांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. उरलेल्या ओळी त्यांनी न विचारताच लिहून टाकल्या, आता थांबण्यात काय अर्थ होता? तरी ते वाट पाहत होते: आता हा बोलेल, मालकांना सांगेल, बायांना सांगेल.

मोतीरामनं कागद उचलला, शाई फुंकून वाळवली आणि फाटकावर जाऊन खणखणीत वाचला. ‘लिहिणार वामनराव’ हेसुद्धा वाचलं.

“वामनरावानं लिवलं म्हंजे खरं,” मनकर्णा म्हणाली, आणि बाया आत गेल्या.

वामनराव खिशावर हात दाबून बसून राहिले. आपण त्याच्या जागी असतो तर गावभर केलं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दर पाठ करता येतात, पण असं गप्प राहणं या पोराला कुणी शिकवलं? त्या दिवसापासून त्यांना मोतीरामच्या कायद्याचा हेवा वाटेनासा झाला. हेवा वाटे तो त्या गप्प राहण्याचा, आणि तो शेवटपर्यंत गेला नाही.