लग्न नाही, तरी आजी

जर्मनीत फुटबॉलचा वर्ल्डकप झाला त्या उन्हाळ्यात मला वकिलाचं पत्र आलं. माझ्या तीन वर्षांच्या मुलीला भेटण्याचा हक्क तिच्या बापाच्या आईवडिलांना हवा होता.

मी जर्मनीतच, एश्बॉर्नला सॉफ्टवेअर कंपनीत होते. मुलीचा बाप आणि मी लग्न न करता राहायचो. त्याचे आईवडील ड्युसेलडॉर्फला, तीस वर्षांपासून. मुलगी झाली तेव्हा मीच फोन केला होता. त्याची आई म्हणाली, "लग्नाशिवायचं मूल आम्ही आपलं धरत नाही." पुढे तो आम्हाला सोडून सिंगापूरला गेला, आणि आता ह्यांना नात आठवली.

मी माझ्या वकीलबाईंना विचारलं, "लग्नच झालं नव्हतं, मग ह्यांचा हक्क कसला?"

"कायदा लग्न विचारत नाही," त्या म्हणाल्या. "त्याने बाप म्हणून सही केली आहे, म्हणजे हे आजी-आजोबा. भेटीने मुलीचं भलं होईल का, एवढंच कोर्ट बघेल."

त्याच्या आईचंच फोनवरचं वाक्य मी त्यांच्यावर उगारत होते, हे मला कळलं. तरी मागे हटले नाही.

कोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये त्याची आई समोर आली. "अगं, आमचं रक्त आहे ते."

"काकू, तीन वर्षं कुठे होतं रक्त?"

त्यांना आई मी कधीच म्हटलं नाही.

आत न्यायाधीशबाईंनी त्यांना विचारलं, मुलीला काय आवडतं? काकूंनी काकांकडे बघितलं. मग काका उठले आणि जर्मनमध्ये म्हणाले, "चूक आमची झाली. फोनवर बोलली ही, पण बोलायला मी सांगितलं होतं." हे ते माझ्याकडे न बघता बोलले. महिन्यातून दोन तास भेट ठरली, युगेंडआम्टच्या, म्हणजे बालकल्याण खात्याच्या, बाईंसमोर.

पहिल्या भेटीला काकूंनी रव्याचे लाडू आणले. मुलीने एक चावला आणि हातावर थुंकला. "मी तुझी ओमा, तुझी आजी," काकू म्हणाल्या. मुलगी जर्मनमध्ये म्हणाली, "मला एक आहे, नाशिकला." दाराबाहेर बसून मी ते ऐकलं आणि मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू?

पण ते दोघं येतच राहिले. बर्फ असो, काकांचा गुडघा सुजलेला असो, एक महिना चुकला नाही. वर्षभराने युगेंडआम्टच्या बाईंची गरज उरली नाही.

मुलगी सहा वर्षांची झाली तेव्हा तिनेच हट्ट धरला, सुट्टीत ड्युसेलडॉर्फला राहायचं. तीन दिवस मी "नाही" म्हणत होते. चौथ्या दिवशी तिला घेऊन गेले.

दारात काकू म्हणाल्या, "चहा टाकते. आत ये."

"नको," मी म्हटलं. मुलगी मागे न बघता आत पळाली होती. परतीच्या गाडीत मी पूर्ण वेळ रागातच होते, आणि कुणावर ते मला ठरवता येत नव्हतं.