शिट्टीचा वर जायचा बेत

आमच्या शिट्टीला तुम्ही ओळखत नसाल, पण तुमच्या घरचा कुकर एकदा जरी बिघडला असता तर नक्की ओळखलं असतं. कुकर आणि स्टोव्ह दुरुस्तीचं त्याचं दुकान. दुकान कसलं, दोन गिऱ्हाइकं आत शिरली तर तिसऱ्याने पोट आत ओढायचं! चौथीपर्यंत आम्ही एका बाकावर शिकलो. पुढे तो पाचवीत गेला आणि मी शाळेची राखण करत तिथेच थांबलो.

त्याच्या कामाची एक रीत होती. कुकर दुकानात दुरुस्त करायचा, पण गिऱ्हाइकाच्या घरी, त्याच्याच शेगडीवर चढवून शिट्टी ऐकल्याशिवाय ‘झालं’ म्हणायचं नाही. आच निराळी, पाणी निराळं, असं त्याचं म्हणणं. डोळे मिटून, दांड्यावर बोट ठेवून असा उभा राहायचा की बायका हसायच्या. एक म्हणाली, “काका, कुकर आहे तो, नाडी कसली बघताय?”

त्याची आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा, ताई चौदाची. तिने त्याला न्हाऊ घातलं, भरवलं, धपाटा घालून शाळेत पिटाळलं. पुढे तिचं लग्न झालं. भावोजी तारखात्यात. त्यांची बदली झाली पार डोंगरातल्या उंच शहरात, जिथे ढग खाली बघावे लागतात. दोघं तिथलीच होऊन गेली. ताई चाळीस वर्षांत दोनदा खाली आली. हा मात्र एकदाही वर गेला नाही. आधी दुकान, मग मुलींच्या परीक्षा, मग वहिनींचं आजारपण. “पुढच्या वर्षी नक्की” हे वाक्य त्याला इतकं पाठ होतं, की ताई फोनवर त्याच्या आधी ते म्हणून टाकायची. भावोजी गेले तेव्हा निघाला होता, तर बर्फाने रस्ता बंद.

गेल्या वर्षी ताईचा फोन आला. “अरे, इथे पाणी चटकन उकळतं, पण वाटाणे मेले शिजता शिजत नाहीत. कुकरही माझ्यासारखाच थकलाय.”

झालं! गावभरचे कुकर वठणीवर आणणाऱ्याच्या सख्ख्या बहिणीचे वाटाणे कच्चे! वहिनी म्हणाल्या, “नवा घेऊन पाठवून द्या की.”

“आणि लावून कोण बघणार? पोस्टमन?”

बेत सुरू झाला. लोकरीचे मोजे आले, कानटोपी आली, तीन मापांच्या रिंगा पिशवीत गेल्या. मला म्हणाला, “तू येतोयस.”

“मला विचारलंस कधी?”

“सांगितलं ना आत्ता.”

अडचण एकच, छाती. आयुष्यभर रॉकेलचा धूर ओढलेला. दम वाढावा म्हणून गडी रोज संध्याकाळी हातात कुकर घेऊन इमारतीचे जिने चढायला लागला. तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत कठड्याला टेकला, की तिथली बाई दार उघडायची. “काका, आमचा बरा आहे हो कुकर!”

शेवटी डॉक्टरकडे गेलो. त्यांनी बोटाला चिमटा लावून त्याला व्हरांड्यात फेऱ्या मारायला लावल्या. चिमट्यावरचा आकडा बघितला आणि मान हलवली. “काका, तिथली हवा विरळ. तुम्हाला झेपायची नाही. निम्म्या चढावरच्या गावापर्यंत जा हवं तर. त्याच्या वर एक पाऊल नाही.”

“हळूहळू गेलो तर? वाफ सोडतो तसं, जरा जरा?”

“कुकरची रिंग बदलता येते काका, छातीची नाही.”

त्याच्याबरोबर घरी येईपर्यंत मी एकटाच बोलतोय, असं जन्मात पहिल्यांदा झालं.

ताईनेच तोड काढली. “तुला चढवत नाही ना? मग मी उतरते.”

निम्म्या चढावरच्या त्या गावात आम्ही लॉजची खोली घेतली. बसमधून ताई उतरली. इवलीशी झालेली, घोट्यापर्यंत कोट, हातात फडक्यात बांधलेला कुकर. वाटभर बडबडणाऱ्या आमच्या शिट्टीने आधी तिच्या हातातला कुकर घेतला. तीच म्हणाली, “किती वाळलास रे! बायको जेवायला घालते, की नुसत्या शिट्ट्या ऐकवते?”

लॉजवाल्याने शेगडी दिली. ह्याने रिंग बदलली, झडप साफ केली, वाटाणे लावले. लोण्यासारखे शिजले. ताई खूश. हा मात्र कपाळाला आठी घालून बसलेला. “इथे शिजले गं. तुझ्याकडचं काय, ते तुझ्याच शेगडीवर कळणार.”

मग त्याने विचारायला सुरुवात केली. शेगडी कुठे? उजेड कुठून येतो? भावोजी कोट कुठे टांगायचे? ताईने पलंगावर उशी ठेवली, हा डोंगर. कंगवा ठेवला, ही गल्ली. चष्म्याचं घर म्हणजे तिचं घर. बोट फिरवत तिने त्याला दारातून आत नेलं, स्वयंपाकघर दाखवलं, मागची खोली दाखवली.

“आणि मी आलो असतो तर झोपलो कुठे असतो?”

ताईचं बोट थांबलं. “इथे. खिडकीपाशी. महिना झाला, गादी घालूनच ठेवलीय.”

दोन दिवसांनी तिची बस निघाली. आम्ही हात हलवले, मी परत फिरलो, तर हा बाजूला नाही! बसमागे चढाला लागलेला. डॉक्टरची ताकीद आठवून मी मागे धावलो. पहिल्या वळणावर दगडावर बसलेला सापडला, छातीचा भाता झालेला. वर डोंगराच्या अंगावर बस काडेपेटीएवढी दिसत होती. वळणाआड जायची, आणखी वर जाऊन पुन्हा दिसायची.

“चल आता,” मी म्हटलं. “गेली ती.”

“थांब रे,” तो म्हणाला, “अजून एकदा दिसेल.”