जेवणाच्या सुट्टीतला बॅनर

लालबागला बंद गिरणीच्या भिंतीला लागून एक फ्लेक्सवाला होता. आमच्या गिरणी कामगारांच्या मोर्चाचा बॅनर त्याच्याकडे सारखा धूसर येत होता, अक्षरांच्या कडा फाटलेल्या. शेवटी वैतागून त्याने मेकॅनिकला बोलावलं.

पन्नाशीचा माणूस. चप्पल दाराबाहेर काढून आत आला. प्रिंटरचं हेड पुसलं, टेस्ट प्रिंट काढली, नखाने एकेक रेघ तपासली. पुन्हा धूसरच. मी दिलेला चहा त्याने मशीनवर ठेवला होता. एकाएकी तो मशीन सोडून त्या चहाकडेच बघत राहिला. मशीन थांबलेलं होतं, तरी चहावर बारीक लाटा उठत होत्या.

"मशीनला काय झालेलं नाय," तो म्हणाला.

भिंतीपलीकडे, गिरणीच्या जागेवर, टॉवरच्या पायाचे खांब ठोकत होते.

"गिरणीत साचे, म्हणजे माग, चालायचे तेव्हा पण ही जमीन हलायची," तो म्हणाला. "पण तेव्हा माझा बाप आत होता." गार झालेला चहा त्याने एका घोटात संपवला. "एक वाजता तिकडे जेवायला सुटतात. तेव्हा प्रिंट मारा."

एकला ठोकणं थांबलं. 'गिरणीच्या जागेवर आम्हाला घर द्या' यातलं अक्षर न् अक्षर स्वच्छ निघालं. घर राहिलं बाजूला. ते मागायलासुद्धा आम्हाला टॉवरवाल्यांच्या जेवणाची वाट बघावी लागली.