मूठभर माती
वायफायच्या डब्यावर हिरवा दिवा लागला की मला भामरागडकडचं, पावसाळ्यात बेट होणारं एक गाव आठवतं. तिथे एका संस्थेने इंटरनेट आणलं; शाळेत ‘आता अंतर संपलं’ असा फलक लागला आणि शाश्वत विकासावरची भाषणं नदीला पूर येईपर्यंत चालली. पाहुणा म्हणून गेलेला मी तिथेच अडकलो. दुसऱ्याच दिवशी गावातल्या एका बाईची आई नदीपल्याडच्या माहेरी वारली. पुराच्या पाण्यात डोंगा घालायला कोणी नावाडी धजेना. संस्थेच्या माणसाने शाळेच्या पडद्यावर दफन दाखवलं. ‘बाई, एकदम लाइव्ह आहे,’ तो हळूच म्हणाला. चित्र खरंच स्वच्छ होतं. तिकडे एकेक नातलग खड्ड्यात माती टाकू लागला, तशी बाई उठली, अंगणातली ओली माती मुठीत घेऊन पडद्यासमोर उभी राहिली. ‘भाऊ, माझी माती कुठी टाकू?’ तो माझ्याकडे बघू लागला, मी फलकाकडे.