छत्रीखालची जागा

थोर माणसाने दुबळ्यांसाठी आवाज उठवला की इतिहास बदलतो, असे म्हणतात. अहिल्याबाई घाटावर न्हाव्याची जागा बदलली.

बँकेच्या बदलीवर काशीत आल्यापासून मी रोज त्याच्याकडे दाढी करतो. नाव कधी विचारले नाही. बांबूच्या छत्रीखाली बसतो. वस्तरा लावण्यापूर्वी डोळे मिटून गंगेला हात जोडतो, त्यामुळे गिऱ्हाईकही घाबरून मनातल्या मनात जोडून घेते.

एकदा मुंबईचा एक नट घाटावरच्या गरिबांच्या हक्कांवर बोलायला आला. चित्रीकरणाला जागा हवी म्हणून त्याच्या माणसांनी घाटावरचे गरीब हटवले. न्हाव्याची छत्री तेवढी ठेवून घेतली आणि तिच्याखाली मुंबईहून आणलेला न्हावी बसवला.

"अरे भैया, हम ही बैठ जाते हैं," आमचा म्हणाला.

"आप गरीब नहीं लगते, चाचा," नटाच्या साहाय्यकाने समजूत काढली.

नटाने पाहुण्या न्हाव्याच्या खांद्यावर हात ठेवला. कॅमेऱ्याकडे पाहिले. "इन्हें यहाँ से कोई नहीं हटा सकता!"

टाळ्या पडल्या. मागच्या पायरीवरून आमच्या न्हाव्यानेही वाजवल्या.

पुढच्या आठवड्यात नेमक्या त्याच जागी भलामोठा फलक उभा राहिला. त्यावर नट, छत्री, पाहुणा न्हावी आणि ते वाक्य. खरी छत्री नटाची मंडळी आठवण म्हणून घेऊन गेली होती.

"बात सच निकली, साहब," माझ्या गालाला साबण लावत तो म्हणाला. "उसे अब कोई नहीं हटा सकता."

हल्ली तो फलकाच्या मागे बसतो. सकाळच्या उन्हात तिथे सावली चांगली पडते.