लॉरेन्सच्या जेवणाची सुट्टी

सुमेधावहिनीला मी शेवटचं भेटलो ते माणिकपूरच्या हॉस्पिटलात. खाटेशेजारी थेंबाथेंबाने औषध सोडणारा पंप लावलेला होता, आणि अशा ठिकाणी काय बोलावं हे मला कधीच सुचत नाही. "वहिनी, आज चेहऱ्यावर तेज आहे हं," मी म्हणालो. तिने पंपाच्या हिरव्या आकड्यांकडे नजर टाकली. "ते ह्या डिस्प्लेचं तेज आहे, भावोजी. आणि हा आपला नव्हे. आठाचं पोट बघा, एका बाजूने सुटलंय..." मी हसलो, तीही हसली, आणि मग तिला धाप लागली. त्याच आठवड्यात दादाचा फोन आला. "गेली रे," एवढंच तो म्हणाला.

वसई पूर्वेला एका औद्योगिक वसाहतीत वहिनीचा छोटा कारखाना आहे. दवाखान्यातल्या यंत्रांवर आकडे उमटतात ना, त्या दिव्यांच्या पट्ट्या तिथे बनतात. वहिनी इंजिनिअर, माहेर उमेळ्याचं. वाडीत मोगऱ्याच्या कळ्या खुडत वाढलेली ही बाई राईच्या दाण्याहून बारीक दिवे चिमट्याने उचलायची. मी कॉमर्सचा. हिशेब ठेवणं, गिऱ्हाइकाशी गोड बोलणं आणि मधूनमधून घोटाळे करणं ही तीन खाती माझ्याकडे.

तिथलं खरं काम म्हणजे दिवे एका ओळीत बसवणं. यंत्र एकेक दिवा पेटवतं, त्याचा उजेड मोजत त्याला केसभर इकडेतिकडे सरकवतं आणि उजेड सगळ्यांत जास्त भरतो तिथे चिकटवतं. पण मोजणारी तार फार हळवी. जवळपास मोटार फिरली, ठिणगी उडाली, की विजेची खरखर त्या तारेत शिरते. कानाला काही ऐकू येत नाही, फक्त पडद्यावरचा आकडा थरथरतो. मग यंत्र फसतं आणि दिवा भलत्याच जागी बसतो. एका मोठ्या गिऱ्हाइकाकडून आमचे नमुने असेच वाकडे म्हणून परत आले, तेही दोनदा. "या खेपेला परत आले तर कुलूप लावायचं," वहिनी म्हणाली. ती उगाच बोलणारी नव्हती.

नशीब फिरावं म्हणून मी गणपतीच्या तसबिरीला लुकलुकणारी माळ घेऊन आलो आणि ती नेमकी यंत्राच्याच बोर्डात खुपसली. दुसऱ्या दिवशी आकडा नुसता नाचत होता! वहिनी एकेक प्लग काढत सुटली. पंखा काढला, फरक नाही. ट्यूबलाइट काढली, फरक नाही. माळ काढली आणि आकडा गप्प बसला. "भावोजी," ती शांतपणे म्हणाली, "बाप्पा चांगलाय हो. तुमचा अडॅप्टर हलका आहे." कामावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मला अजूनही तिथे 'रोषणाईवाले' म्हणतात.

तेवढ्याने संकट टळलं नव्हतं. वहिनीने तारांवर जाळी चढवली, यंत्राला वेगळं अर्थिंग दिलं, पण मधूनच आकडा उसळी मारायचा. भिंतीपलीकडे लॉरेन्सचा ग्रिलचा गाळा, तिथलं वेल्डिंग आमच्याच विजेच्या लायनीवर. मी इस्त्रीचा शर्ट घालून त्याला नियम सांगायला गेलो. नियम कुठले ते मलाही ठाऊक नव्हतं. "साहेब," तो तोंडावरची काच वर करून म्हणाला, "तुमचे दिवे सरळ व्हायला मी काय ग्रिल फेविकॉलने चिकटवू?" मी शर्टासकट परत आलो.

मग वहिनी स्वतः त्याच्याकडे गेली. तिने काही मागितलंच नाही. "जरा येऊन बघा" म्हणत त्याला आत आणलं, स्वतःच्या खुर्चीवर बसवलं, आणि त्याच्या माणसाला पलीकडे वेल्डिंग करायला सांगितलं. आकडा बेडकासारखा उडाला. लॉरेन्स बघत राहिला.

"हे लागतं कशात?"

"आजारी माणसाला औषध किती जातंय, ते दाखवायला."

त्याने मान खाजवली. "मी जेवायला बसतो तेव्हा लावा तुमचं."

तेव्हापासून आमच्याकडे दिवे बसवायचं काम लॉरेन्सच्या जेवणाच्या वेळेत होऊ लागलं. वहिनी कधी त्याला केळफुलाची भाजी पाठवायची, कधी नुसतीच दारातून हाक मारायची, "सावकाश जेवा हो, लॉरेन्सभाऊ!" नमुने पास झाले, ऑर्डरी वाढल्या, आणि लॉरेन्सचं जेवणही लांबत गेलं...

वहिनी गेली तेव्हा एक मोठी ऑर्डर अर्धवट होती. ती चुकली तर गिऱ्हाईक जाणार, आणि वहिनीशिवाय कारखाना चालतो का, याचा निकालही लागणार. दादा कारखान्यात पाऊल टाकायला तयार नव्हता. लॉरेन्सकडे जायचा धीर मला होईना. त्याची ती सुट्टी वहिनीसाठी होती; माझ्यासारख्या शर्टवाल्यासाठी त्याने का उपाशी राहावं, किंवा जेवत राहावं?

शेवटी एका दुपारी पलीकडचा आवाज थांबल्यावर मी घाईघाईने यंत्र लावलं. जेवणाची वेळ सरली. आता आकडा उडेल, मग उडेल, म्हणून मी पडद्याला डोळे लावून बसलो. बायका कामावरून मान वर करत नव्हत्या. चहाची वेळ झाली. आकडा जागचा हलला नाही.

न राहवून मी बाहेर जाऊन डोकावलो. लॉरेन्स गाळ्याच्या दारात स्टुलावर बसला होता. डबा धुऊन, पुसून, झाकण लावून शेजारी ठेवलेला. समोर एक गिऱ्हाईक तापलेलं. "अरे, माझं ग्रिल कधी देणार? नुसता बसलायस काय?"

"जेवतोय ना," लॉरेन्स म्हणाला. "दिसत नाही का?"

त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं की नाही, कोण जाणे. मी आवाज न करता आत आलो आणि वहिनीच्या खुर्चीवर बसून पुढचा दिवा पेटवला.