लिंबाच्या वासाचा बेडूक

रोझविथा फ्लायडररबाईंनी बेडकाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी जी किंकाळी फोडली, तिच्या आठवणी जर्मनीतल्या श्वाबेनच्या डोंगरावरचे लोक अजून काढतात. म्हणे, चर्चच्या मनोऱ्यावरची कबुतरं जी उडाली ती थेट फ्रान्समध्ये उतरली. अग्निशामक दलाच्या माणसांनी भरल्या ताटावरून उठून बूट चढवले. आणि खालच्या आळीतला ठार बहिरा सुतार बायकोला म्हणाला, "दार बघ गं, कुणीतरी आलंय." बेडूक मात्र जागचा हलला नाही. अक्रोडाएवढं ते हिरवंगार पोर काचेच्या पेटीतल्या फांदीवर बसून बाईंकडे असं बघत होतं, जणू किंचाळायला खरं कारण त्यालाच होतं.

"मावशी, वसंतात येऊन घेऊन जातो," पेटी छातीशी धरून उभा असलेला भाचा फोल्कर म्हणाला. त्याला नॉर्वेतल्या जहाजाच्या कारखान्यात काम मिळालं होतं. "आईकडे मांजर आहे. तुझ्याकडे काहीच नाही."

"काहीच नाही म्हणून तर घर स्वच्छ आहे. घाण करतो का हा?"

"थोडी."

"थोडी म्हणजे केवढी?"

"बेडकाएवढी. मावशी, माझा जीव आहे गं त्याच्यात. त्याला काही झालं तर मी जहाजावरून उडी टाकीन."

"जहाज बांधायच्या आधी उडी टाकू नकोस, लागेल," असं म्हणून बाईंनी पेटी घेतली, आणि फोल्कर वळायच्या आत तिचा तळ पुसला.

फ्लायडररबाईंची स्वच्छता हा गावात भीतीचा विषय होता. बनियन विणायच्या कारखान्यात जन्मभर त्यांनी माल तपासला. सुटलेला टाका त्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसे. त्यांचे यजमान गोटहिल्फ फार सुखानं गेले, पण जाण्यापूर्वी पायपुसण्यावर पाय पुसूनच गेले असं लोक सांगत. बाईंच्या इमारतीत झाडलोटीची पाटी असे. ज्याच्या दारावर ती लाकडी पाटी लटकेल, त्यानं त्या आठवड्यात जिना, तळघर आणि दारापुढचा रस्ता धुवायचा. आमच्याकडे माणूस चर्चला नाही गेला तर देव बघून घेतो, पण पाटीचा आठवडा चुकला तर शेजारी बघून घेतात.

आता अशा घरात बेडूक. बाईंनी त्याचं नाव ठेवलं बूबेले, म्हणजे बाळ्या, आणि त्याला माणसात आणायला घेतलं. रोज सकाळी पेटी लिंबाच्या वासाच्या साबणानं घासायची. काचेवर फवारा मारून ती लखलखीत करायची. झाडाचं पान न् पान पुसायचं. स्वतः बूबेलेलाही नळाखाली धरून, हनुवटीखालून वगैरे, नीट धुवायचं. पेटी इतकी चमकायला लागली, की पाहुणे बेडकाऐवजी तिच्यात स्वतःचे केस नीट करत.

महिना संपायच्या आत बूबेले बिघडला. रंग उडून उकडलेल्या शेंगेसारखा झाला. पोटाखालची, मांड्यांमधली कातडी लाल दिसू लागली. पाय आवरून घ्यायचंही त्राण राहिलं नाही. पुढ्यातून रातकिडा चालत गेला तरी पठ्ठ्या बघेना. एक रातकिडा तर त्याच्या डोक्यावर बसून गायला.

बाईंना वाटलं, घाणीनं झालं. त्यांनी पेटी दोनदा धुतली. बूबेलेनं डोळेच मिटले. तेव्हा मात्र त्याला एका डब्यात घालून, डबा कोटाखाली धरून, बाई बस पकडून पशुवैद्यांकडे गेल्या.

डॉक्टर त्सेलर या तरुण बाईंनी झाकण उघडलं आणि बेडकाचा वास घेतला.

"हा लिंबाचा वास कसला?"

"स्वच्छतेचा," फ्लायडररबाई अभिमानानं म्हणाल्या.

"फ्लायडररबाई, बेडूक तोंडानं पाणी पीत नाही. कातडीनं पितो. तुम्ही त्याला रोज सकाळी साबण पाजताय."

बाई खुर्चीत बसल्या. बसण्याआधी खुर्ची पुसायची राहिली, यावरून काय ते समजा.

"वाचेल?"

"लहान आहे. सांगते तसं केलंत तर कदाचित." डॉक्टरांनी औषध दिलं आणि हुकूम सोडले. साधा प्लास्टिकचा डबा, तळाशी ओला कागदी रुमाल, तो रोज बदलायचा. नळाच्या पाण्यात क्लोरिन मारायचं औषध घालूनच ते वापरायचं. उथळ कोमट पाण्यात औषधाची अंघोळ, हनुवटी पाण्याबाहेर राहील इतकीच. हात लावायचाच झाला तर साबण न लावता धुतलेला, ओला हात. ऊब, अंधार, शांतता. "आणि तो बरा होईपर्यंत घरात साबण, फवारा, लिंबू, काही नाही. जिन्यातसुद्धा नको, वास दाराखालून येतो. तो खाईल आणि मग घाण करील, तेव्हा मला फोन करा."

बाई घरी आल्या, तर दारावर पाटी लटकत होती.

शनिवार आला. जिना कोरडा राहिला. इमारत हादरली. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमन ट्राउगोट बॉयरले यांच्या पाळीत जिन्याच्या कोपऱ्यात राहणाऱ्या धुळीवर बाई इतकी वर्षं तोंडसुख घेत आल्या होत्या. बॉयरल्यांनी आनंदानं बेल दाबली.

"फ्लायडररबाई, मेलात की काय? म्हटलं, हाराची ऑर्डर द्यावी."

"हळू बोला. आजारी आहे."

"कोण?"

"बेडूक."

बॉयरले इतके हसले की त्यांना कठडा धरावा लागला. "जन्मभर माझ्या पायरीवरचा केस मोजलात, आणि आता बेडकाला सर्दी झाली म्हणून सुट्टी?"

"सर्दी नाही. मी आजारी पाडलंय त्याला," बाई म्हणाल्या. "माझ्या साबणानं." आणि एवढं बोलून त्यांचा आवाज बसला. फ्लायडररबाईंचा आवाज बसलेला बॉयरल्यांनी कधी ऐकला नव्हता. ते वर गेले, आणि बादली घेऊन खाली आले.

"नुसतं पाणी आहे," ते पुटपुटले. "वास घेऊन बघा हवं तर."

ते जिना पुसत होते आणि बाई दाराच्या भिंगातून बघत होत्या. कोपरे राहिले. कठड्याखालची पट्टी राहिली. एका पायरीवर तर ते चक्क फडक्याची घडी न बदलता पुढे सरकले. बाईंनी दार घट्ट धरून ठेवलं आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. त्यांच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा त्याग, आणि तो एका बेडकासाठी.

"दिसला मला जिना," शेवटी दाराआडून त्या म्हणाल्या. आमच्या डोंगरावर शिवी आली नाही म्हणजे कौतुक झालं असं धरतात. बॉयरले लाजले.

दिवस गेले. बाई अंधाऱ्या खोलीत मोज्यांवर चालत, कागद बदलत, पाणी कोमट करत, आणि जन्मात पहिल्यांदाच कुणीतरी घाण करावी म्हणून वाट बघत. मग एका दुपारी डब्यातून चट् असा आवाज आला, आणि रातकिडा नाहीसा झाला. रंग हळूहळू परतला, पाय आवरले गेले. आणि एका सकाळी, स्वच्छ पांढऱ्या कागदाच्या मधोमध, ती होती.

बाई कागद हातात धरून जिना चढल्या. "बॉयरले! बॉयरले, हे बघा!"

दार उघडून, न्याहारीचा पाव हातात, बॉयरल्यांनी कागदाकडे पाहिलं. मग पावाकडे पाहिलं.

"छान आहे," ते म्हणाले. "आता घेऊन जा."

त्या दिवसापासून बूबेलेची पेटी फक्त गरम पाण्यानं धुतली गेली. काचेवर डाग राहिले, आणि बाईंनी ते राहू दिले.

एप्रिलमध्ये फोल्कर आला, "अरे वा, वाढलाय की," म्हणाला, आणि पेटी गाडीत घालून निघून गेला. बूबेले सध्या त्याच्या घरी फडताळावर असतो आणि आठवड्यातून दोनदा रातकिडे खातो.